कालचाच आकडा

३ मार्च
वारा समुद्राकडून. कामावर गच्चीवरच्या हवा ओढणाऱ्या यंत्रातली काचपट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. परागकण अठराच! रोजच्यासारखा आईला फोन — "अठरा. उघड खिडकी." मागून बाबा, "सुटलो! जामीन मिळाला एकदाचा!" दम्याने छातीचा भाता झालाय, पण जिभेला धाप लागत नाही.

७ मार्च
वारा फिरला, जमिनीकडून येतोय. गवत फुललंय. दोनशे चाळीस. शंभराच्या वर गेलं की बाबांची छाती वाजायला लागते. "खिडक्या घट्ट लाव," म्हटलं. बाबा कुरकुरले, "आणखी किती दिवस मला डालून ठेवणार?"

९ मार्च
वारा परत समुद्राकडून. बावीस. दोघं खिडकीशी बसलेत म्हणे.

१० मार्च
कामावर पोचायलाच उशीर, त्यात साहेब दारात उभे! काचपट्टी काढून डबीत ठेवली, जेवल्यावर मोजीन. आईचा फोन आला. म्हटलं, "कालचाच आकडा धर गं. उघड."

१३ मार्च
बाबा गेले. परवा पहाटे, दवाखान्यात. दहा तारखेला दुपारीच दम लागला होता. पंप हातात होता, पण श्वास आत जाईना. लिहवत नाही.

१९ मार्च
आज आईला नाही नाही ते बोलले. मामा, मावशी, सगळ्यांच्या देखत. "एवढं गवत फुललेलं, आणि खिडकी सताड उघडी? रोज कशाला घसा कोरडा करत होते मी?" ती बाबांचा पंप पुसत बसली होती. म्हणाली, "चुकलंच माझं."
मला जरा मोकळं वाटलं. लिहायची लाज वाटते, पण वाटलं.

२ एप्रिल
कामावर परत. डबीत दहा तारखेची काचपट्टी तशीच. त्या दिवशी दवाखान्यात धावले, ती मोजायची राहिलीच होती. आज मोजली. तीनशे बारा! रात्रीतूनच वारा फिरला असणार.
मग त्या दिवशी आईने आकडा विचारला कसा नाही? घरी येऊन ही वही मागे चाळली. दहा मार्च. माझंच अक्षर.
मीच सांगितलं होतं. मीच! आणि विसरूनही गेले.

३ एप्रिल
सकाळीच आईकडे गेले. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. "त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही गं बोललीस?"
केसांतून हात फिरवत म्हणाली, "तुला रोज त्या गच्चीवर जायचंय. मला काय, घरातच बसायचंय."