तिसऱ्या परीक्षकाला उत्तर

जयनगर, मंगळवार, जुलै १९९६

संशोधन प्रस्तावावरच्या सगळ्या शेऱ्यांना आज उत्तरं टाइप केली, तरी जिवाला चैन नाही. तिसरा परीक्षक म्हणतो, निरक्षर मदतनिसाऐवजी पदवीधर नेमा. मी लिहिलं, "आभारी आहे. सूचना मान्य." कॉन्व्हेंटची सवय, सिस्टरनी चूक दाखवली की आधी थँक्यू म्हणायचं. पण यात चूक कुठे होती? नाचणीचं रोगट पान आमची मदतनीस लक्ष्मम्मा बारा वर्षं आम्हा सगळ्यांच्या आधी ओळखते आहे. निघताना म्हणाली, "अक्का, उद्या स्वल्प लवकर येते. रोपं सुकलीत." मी तिच्याच कानडीत नुसतं "सरी", ठीक आहे, म्हटलं, तिच्याकडे न बघता.

सूचना मान्य म्हणे.

तो कागद फाडला. नव्यावर लिहिलं, "आभारी आहे. लक्ष्मम्मा राहील."