आधार : नाही

बुधवार, १३ मार्च, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मुलांच्या व्यायामाच्या खोलीतल्या गाद्या पुसून झाल्या आणि स्टॉपवॉच भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितलं. बरोबर आहे.

ती. ताईस, नमस्कार.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे. तू शिकवलेला व्यायाम करते, पण दहा वेळा सांगितला की सहाव्यालाच 'झाले दहा' म्हणते. तुला खोली चांगली मिळाली हे कळलं. शुक्रवारच्या परिषदेतल्या भाषणाच्या आधी नीट जेव, रिकाम्या पोटी तुझा आवाज बसतो.

सोमवारपासून तुला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा गुडघ्याबद्दलच बोललो. म्हणून हे पत्र. तुझी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी दुपारच्या गाडीने तक्ते घेऊन निघते आहे, तिच्याबरोबर देतो. फिजिओथेरपी विभागात मी तुला मॅडम म्हणतो, घरी ताई. पत्र ताईला लिहिलंय, पण मॅडमनी वाचावं.

सोमवारी आपल्या व्यायामाच्या मुलांतला तो चष्मेवाला आला होता, त्याच्या आईबरोबर. हनुवटीला दोन टाके. त्याची आई भांडली नाही. नुसतं म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, एकोणीस सेकंद उभा राहतो, आता घरात वॉकर नको. घरी तर हात सोडला की बसतोच." विद्यार्थिनीने त्याला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि ती तीन पावलं मागे सरली. चार सेकंदांत तो खाली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दादाचा शर्ट कुठाय?"

सगळे हसले. विद्यार्थिनी म्हणाली, "बघा, दादाशिवाय याचं पान हलत नाही." मी हसलो नाही.

ताई, तुझ्या तक्त्यात उभं राहण्याच्या सेकंदांशेजारी एक रकाना आहे, 'आधार : आहे / नाही'. पहिल्या मोजणीला मुलं मला ओळखत नव्हती. रडायची, लांब राहायची. तीन महिने तुझा व्यायाम झाला, तोवर मी त्यांचा दादा झालो होतो. दुसऱ्या मोजणीला मी स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभा राहिलो की काही मुलं माझ्या शर्टाचं टोक चिमटीत धरायची. ओढायची नाहीत, भार टाकायची नाहीत. भिंत म्हणजे आधार, दांडी म्हणजे आधार, माणसाचा हात म्हणजे आधार. कापडाला कसला आधार म्हणायचा? मी 'नाही'वर खूण केली.

इथपर्यंत लिहून थांबलो होतो. हे वाचून तू म्हणशील, बिचारा आठवी शिकलेला, शब्द कळला नाही त्याला. शब्द मला कळला होता. पोरं शर्ट धरत होती ती पडायची भीती वाटत होती म्हणूनच, हे कळायला शाळा लागत नाही. रजिस्टरही पाठवतोय, काढून बघ. शर्ट धरलेल्या प्रत्येक मुलाच्या आकड्यापुढे पेन्सिलीचं बारीक टिंब आहे. मीच दिलंय. पहिलं टिंब दिलं तेव्हा संध्याकाळी तुला विचारायचं ठरवलं होतं. त्याच दुपारी बाहेरचे प्राध्यापक आले आणि तू त्यांना माझ्यादेखत म्हणालीस, "हा माझा धाकटा भाऊ. माझ्या फीसाठी याने आठवीत शाळा सोडली. याच्या आकड्यावर मी डोळे मिटून सही करते."

मग मी विचारलं नाही. टिंबं मात्र देत राहिलो.

तुझी बढती या अभ्यासावर आहे हे मला ठाऊक आहे. विभागात पेढे कोणी आणायचे इथवर बोलणी झाली आहेत. पण शुक्रवारी समोर बसलेले लोक तुझे आकडे घेऊन आपापल्या गावी जातील, आणि तिथल्या आयांना सांगतील, वॉकर काढा. प्रत्येकाच्या हनुवटीला टाके घालायला आपण जाणार आहोत का?

काल शर्ट पॅन्टमध्ये खोचला, तीन पावलं दूर उभा राहिलो आणि टिंबवाली जी मुलं आली त्यांना पुन्हा मोजलं. विद्यार्थिनीला साक्षीला बसवलं.  शेवटी एवढंच म्हणाली, "मॅडमना तुम्हीच सांगा, मी नाही सांगणार."

सांगितलं. तुला रागवायचं तर रागव, मला कामावरून काढायचं तर तेही कर, मी आईला काही कळू देणार नाही. शुद्धलेखन तपासायला लागू नये म्हणून आधी कच्चं लिहून मग हे उतरवलंय.

तुझ्या सहीचा ज्याने गैरफायदा घेतला तो,
तुझा भाऊ

ता. क. हिशेब असा :
मोजलेली मुलं चाळीस.
टिंबं अकरा.
पुन्हा मोजलेली, सोमवारचा चष्मेवाला धरून, सात. त्यांतल्या पाच जणांचे आकडे खाली आले, दोघांचे तेवढेच राहिले.
राहिलेली चार. त्यांचा वार शनिवार. तुझं भाषण शुक्रवारी.
चष्मेवाला : व्यायामाआधी तीन सेकंद. मी लिहिलेले एकोणीस. खरे चार.
एक सेकंद वाढला आहे, ताई. तो तुझा आहे. मी तीनदा मोजला.