प्रवासाला फक्त बाह्या

सेल्फोस, जूनचा शेवटचा आठवडा

प्रिय ब्रिन्या,

तुझं पुडकं मिळालं. वर चिठ्ठी, खाली मी तुला दिलेल्या सुया आणि तळाशी ती अर्धवट बाही. चिठ्ठी वाचून आधी रागच आला. दोन ओळी, त्याही ‘हिल्मारच्या आईस’ अशा. इतकी वर्षं मला नावाने हाक मारलीस, तुझ्या साल्काच्या बारशाला भर पाहुण्यांत ‘उन्नुर, तुझं मटणाचं सूप खारट झालंय’ म्हणालीस, आणि आता मी एकदम कुणाची तरी आई झाले! या उन्हाळ्यात हिल्मारच्या गाडीत माझ्या जागी एय्दिस असेल, सुया तिच्या उपयोगी पडतील, असंही लिहिलं आहेस. मी चिठ्ठी घडी घालून साखरेच्या डब्याखाली ठेवली आणि कॉफी टाकली. दुसरं काय करणार?

मग वाटलं, बिचारीने परत करायचं तरी काय? आपल्याकडे लग्न झालं म्हणून बाई नाव बदलत नाही. तू आधीही ओलाफची मुलगी होतीस, नंतरही तीच राहिलीस. घटस्फोट झाला तरी नावातून काढून टाकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सुया धाडल्यास. नवऱ्याला माजी नवरा म्हणता येतं. माजी सासू हे काय प्रकरण असतं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

गंमत अशी, की पुडकं आलं तेव्हा मी उन्हाळ्याच्या पिशव्या भरत होते. दरवर्षीसारख्या दोन. तुला माझे नियम पाठ आहेत, तरी लिहिते, कारण लिहिताना बरं वाटतं. लोकरीचे गुंडे घरीच करून घ्यायचे, गाडीत लड उलगडायला बसलं की ती सगळ्यांच्या पायांत जाते. मोजावं लागेल असं काही प्रवासाला न्यायचं नाही. आणि स्वेटरचं अंग तर मुळीच नाही, जुलैत मांडीवर मेंढी घेऊन बसल्यासारखं होतं ते. अंग हिवाळ्यात घरी विणायचं, प्रवासाला फक्त बाह्या. एक तुझी, एक माझी. बेटावर माझ्या बहिणीकडे, लोविसाकडे पोचलं की तिच्या मोठ्या टेबलावर अंग आणि दोन्ही बाह्या एकाच गोल सुईवर घ्यायच्या आणि खांद्यांवरची नक्षी सुरू करायची. दुसऱ्या पिशवीत सुका मासा ठेवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की ही कुणासाठी भरते आहे मी?

पहिला उन्हाळा आठवतो ना? तू पुढची जागा सोडून मागे माझ्याशेजारी येऊन बसलीस, लोकर एकाच पिशवीत होती म्हणून. हिल्मार कुरकुरला, आई आणि बायको दोघी मागे, मी काय टॅक्सी चालवतो? पुढे साल्का झाली, तीही आपल्या दोघींच्या मध्येच, आणि तो कायमचा टॅक्सीवाला झाला. त्या वर्षी तुझी बाही इतकी घट्ट झाली, की हिल्मारचा एक हात मनगटापर्यंत झाकला आणि दुसरा कोपराच्या जरा खाली. ऑगस्टच्या उत्सवात, आपल्या पांढऱ्या तंबूत, अख्ख्या बेटासमोर लोविसा म्हणाली, “सासूची बाही कुठली नि सुनेची कुठली, आंधळ्यालाही कळेल.” सगळे हसले. मीही हसले. तू मात्र तंबूच्या मागे जाऊन बसलीस, आणि मी तुला तळलेल्या गोड क्लैना आणि कॉफी घेऊन आले तेव्हा तू ती बाही उसवत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, “तुझा हात कसा चालतो ते दाखव.”

मी दाखवला. धागा बोटावरून किती सैल सोडायचा, टाका सुईवर कसा बसू द्यायचा. उन्हाळ्यामागून उन्हाळे तू माझ्या हाताला तुझा हात लावत गेलीस. समुद्र खवळला की मला बोट लागायची आणि तू म्हणायचीस, ‘विण, उन्नुर, पाण्याकडे बघू नकोस’, आणि आपल्या दोघींच्या सुया एका तालात चालायच्या. मग तो उन्हाळा आला, जेव्हा लोविसाने चष्मा लावून दोन्ही बाह्या उलटसुलट केल्या आणि माझी बाही तुझी म्हणून ठासून सांगितली. त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा हिल्मार पदवीधर झाला तेव्हाही वाटला नव्हता. हे त्याला सांगू नकोस.

तो आला होता गेल्या रविवारी, एय्दिसला घेऊन. तिच्याबद्दल वाईट लिहावं असं फार मनात होतं, पण मुलगी बरी आहे. ताटं तिने धुतली, आणि न विचारता चुकीच्या कपाटात ठेवली. विणता येत नाही म्हणाली, शिकवशील का म्हणाली. शिकवीन. तिला एक स्वेटरही करून देईन, इथल्या थंडीत तिला उघडं ठेवणार नाही. पण त्याच्या दोन्ही बाह्या मीच विणीन. हिल्मार म्हणाला, उत्सवाला नेहमीसारखे गाडीने जाऊ, आई, तू मागे ऐसपैस बस. मी म्हटलं, “मला ऐसपैस बसायची सवय नाही.” माझा मुलगा आहे, त्याच्यावर मी प्रेम करणं सोडणार नाही, पण त्या मागच्या सीटवर मी एकटी बसणार नाही, हेही त्याला कळलं.

आता त्या बाहीविषयी. गेल्या ऑगस्टमध्ये परतीच्या बोटीवर तू ती सुरू केलीस, हिल्मारसाठी, आणि उरलेली घरी करते म्हणून घेऊन गेलीस. पुडक्यातून काढल्यावर मी ती खिडकीशी नेली. रात्रीचे दहा वाजले होते, पण जूनमध्ये दिवा कशाला लागतो? मनगटापासून वर एक वीतभर टाके सैल आणि सारखे. ते तू माझ्याशेजारी बसून घातले आहेस. मग मध्येच एका फेरीपासून ते आवळलेले. पुढे आणखी आवळत गेलेले, इतके की सुईचं टोकही आत जाईना. त्या पहिल्या वर्षीच्या बाहीपेक्षाही घट्ट. वरच्या टोकाला धागा कापलेला नाही, तुटलेला आहे.

ब्रिन्या, त्याच फेरीवर त्याने तुला सांगितलं ना? मला त्याने ईस्टरला सांगितलं, तेही घाईत, बूट घालता घालता. तू त्याच्या आधी कितीतरी दिवस एकटीच घरात बसून विणत होतीस, आणि फोनवर मला म्हणत होतीस, सगळं ठीक, साल्काला जरा सर्दी आहे. मी ती बाही मांडीवर घेऊन खूप रडले. मला वाटायचं मी तुला ओळखते. मला तुझ्या टाक्यांवरून कळलं, आवाजावरून नाही कळलं.

दुसऱ्या दिवशी मी ती उसवायला घेतली. चुकलेलं उसवायचं, हेच तर आयुष्यभर केलं. मग हात थांबला. त्यात चुकलेलं काय आहे? तो तुझा हिवाळा आहे, तो उसवणारी मी कोण? मी फक्त तुझ्या तुटलेल्या टोकावर नवं टोक ठेवलं, तळवे ओले करून चोळलं, धागा सांधला. गाठ मारलेली नाही, बघून घे. आता ही बाही हिल्मारच्या दंडात काही शिरणार नाही. तुझ्या शिरेल. म्हणून त्याच्यासाठी हिवाळाभर विणलेलं राखाडी अंग मी उसवून टाकलं आणि माझ्या खुंटीवर तू विसरलेल्या निळ्या जाकिटाच्या मापाने पुन्हा विणलं. तुला आजवर कुणीच स्वेटर केला नाही, हे माझ्या आत्ता ध्यानात येतंय.

राहिली माझी बाही. ती मी शरद ऋतूतच पुरी केली होती, माझ्या नेहमीच्या सैल हाताची. तीही उसवली. आता रोज सकाळी खिडकीशी बसून घट्ट विणायला शिकते आहे, तुझी बाही समोर ठेवून. बोटं दुखतात आणि म्हातारपणी हात वळत नाही, पण वीतभर जमलं आहे. इतकी वर्षं तू माझ्यासारखं विणलंस, या वेळी माझी बाही तुझ्यासारखी होईल. उत्सवाच्या आधीच्या आठवड्याची बोटीची तिकिटं मी काढली आहेत, तू, साल्का आणि मी. तेव्हा बेटावर हिल्मार नसेल, एय्दिस नसेल, गर्दीही नसेल. लोविसाला विचारलं, तर म्हणाली, “लग्न मोडलं म्हणून माझ्या घरातली खोली मोडते का?” तुझ्या सुया आणि तुझी बाही याच पुडक्यात परत पाठवते आहे. उरलेली बाही कशी विणायची ते तू ठरव, सैल किंवा घट्ट, मी मागोमाग येईन. एवढंच कर, पुन्हा ती माझ्याकडे पोस्टाने पाठवू नकोस. धक्क्यावर स्वतः घेऊन ये.

तुझीच (कोण, ते तुला सुचेल तेव्हा सांग),
उन्नुर