काटा हिरव्यातच आहे

१४ सप्टेंबर, सकाळ

निर्णय झाला. गाडीला टेंपरेचर गेज बसवायचं. लगेच.

सासूबाईंच्या मातीला आम्ही वेळेवर पोचलो नाही. तेर्नीच्या घाटात, झऱ्याच्या वळणावर, आमची जुनी कात्रेल गाडी उकळली. दुपारच्या नमाजानंतर जनाजा उठला आणि आम्ही मागाहून पोचलो. खैराला आईचं तोंड दिसलं नाही. ती माझ्याबरोबर ओरानला परत आली नाही, तेर्नीतच, मिलूदकडे राहिली. भावाचं घर आहे, राहू दे चार दिवस.

निघताना म्हणाली होती, "अहो, शेअर टॅक्सीने जाऊ या." मी म्हणालो, दारात स्वतःची गाडी असताना? लग्नाच्या वर्षी घेतलेली गाडी. रंगही मूळचाच.

शांतपणे विचार केला. दोष कोणाचाच नाही. डॅशबोर्डवर वेगाचा काटा आहे, पेट्रोलचा आहे, इंजिन तापल्याचा नाहीच. पाणीखात्यात तीस वर्षं मी मीटर वाचले. काटा वाचण्यात या शहरात माझा हात धरणारा कोणी नाही. पण काटाच नसेल तर वाचणार काय, कपाळ?

१५ सप्टेंबर

खैराला फोन. गेजचा बेत सांगितला. ती ओरडली. "माझी आई गेली आणि तुम्ही मला गाडीचं सांगताय?" बराच वेळ ओरडली. शेजारच्या हाज्जा यमीनाला भिंतीपलीकडून ऐकू गेलं असावं.

राग गाडीवर आहे. गाडी सुधारली की जाईल.

१९ सप्टेंबर

बाजारभर हिंडलो. गेज मिळालं! काळी तबकडी, निळा, हिरवा, लाल पट्टा. देखणं. जेवणाच्या टेबलावर खैराच्या जागी ठेवून न्याहाळत बसलो. जेवण म्हणजे कोपऱ्यावरची बेसनाची करांतिका. आज पाचव्यांदा. पोटाला जड पडते, पण स्वयंपाकाची दगदग नाही.

२३ सप्टेंबर

अल्जिअर्सहून मुलीचा फोन. सिहाम म्हणाली, "बाबा, बसने जा. दोन मोठी माणसं बरोबर घे, आईची समजूत काढ, घेऊन ये. ती रोज दारातल्या बाकावर बसून असते."

तेर्नीची हवा चांगलीच आहे. बसू दे.

रीत मला कोणी शिकवायला नको. बायको रुसून माहेरी राहिली की नवऱ्याने दोन वडीलधारे घेऊन जायचं, सासरची कॉफी प्यायची, मान खाली घालायची. सगळं करीन. पण ज्या गाडीपायी हे झालं त्या गाडीतून नको का जायला? बसमधून उतरलो तर मिलूद म्हणेल, भाऊजींचा गाडीवर विश्वास नाही. सासूबाईंच्या चाळिसाव्या दिवशी सगळे नातेवाईक जमतील. त्यांच्यादेखत दिमाखात जाऊ.

२९ सप्टेंबर

कद्दूर मेकॅनिकने सांगितलं, उद्या बसवतो.

४ ऑक्टोबर

कद्दूर म्हणाला, उद्या.

संध्याकाळी खैराशी बोलणं झालं. आज ओरडली नाही. एवढंच विचारलं, "कधी येताय?" मी म्हणालो, कद्दूरवर आहे. "बरं," म्हणाली. राग निम्म्याहून उतरला आहे, हे उघड आहे. मला माणसंही वाचता येतात.

९ ऑक्टोबर

बसलं!! वरच्या पाण्याच्या पाइपमध्ये जोड टाकला, त्यात सेन्सर, तिथून वायर डॅशबोर्डवर. समुद्राकाठाने फेरी मारली. काटा निळ्यातून उठला, हिरव्यात आला आणि थांबला. मला अक्षरशः भरून आलं. शेजारची सीट रिकामी होती, तरी मोठ्याने म्हणालो, "बघ!"

कद्दूरची कटकट मात्र संपत नाही. म्हणे पाइप जुना आहे, तोही बदला, जोड गळू शकतो. रोज सकाळी बॉनेट उघडून पाणी बघत जा. अरे, मग काटा कशाला घेतला? हातात घड्याळ असताना वेळ बघायला गच्चीवर जाऊन सूर्य शोधायचा का?

१३ ऑक्टोबर

हाज्जा यमीना गॅलरीतून ओरडून म्हणाली, "सी बेनाऊदा, तुमच्या गाडीने खाली ओलं केलंय बघा. म्हातारपण, दुसरं काय!" आणि हसली. मी सांगितलं, मांजर असेल.

काटा हिरव्यात.

१६ ऑक्टोबर

खैराचा फोन लागला. चाळिसाव्याला येतो, कात्रेल घेऊन येतो, असं सांगितलं. "बरं." अजून काही? "काही नाही." आवाज अगदी थंड, मऊ. राग पूर्ण गेला. सिहामला हे कळवलं तर ती रडायलाच लागली. मुली हळव्या असतात.

दोन वडीलधारे ठरले: यमीनाचा नवरा हाज तय्यब आणि मशिदीतले एक वृद्ध. पण हाज तय्यबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "सी बेनाऊदा, तुम्ही व्हा पुढे. आम्ही आपले टॅक्सीने येतो." गुडघ्यांमुळे असेल. आमच्या गाडीत पाय लांब करता येत नाहीत.

२१ ऑक्टोबर, सकाळ

आज चाळिसावा. दाढी केली. खैराला आवडणारी बदामाची मिठाई घेतली. मागची सीट झाडून ठेवली, तिच्या सामानासाठी. बॉनेट उघडून बघावं असं क्षणभर वाटलं, पण पांढरा शर्ट घातला होता.

त्याच दिवशी, त्लेमसेन

कॉफीला थांबलो. वाटेत हाज तय्यबांची टॅक्सी पुढे गेली, त्यांनी हात केला. मीही केला. काटा हिरव्यात, ठाम. बराच वेळ रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच बघत होतो.

त्याच दिवशी, घाटाच्या पायथ्याशी

विश्वास बसत नाही म्हणून गाडी बाजूला घेऊन लिहितोय. काटा खाली उतरतोय! चढ लागला तरी हिरव्यातून निळ्याकडे चाललाय. उन्हाची दुपार, चढ, आणि इंजिन थंडगार! कसला तरी जळका वास येतोय. शेतात काहीतरी पेटवलं असेल.

खैरा, आलोच.

संध्याकाळ, तेर्नी

इंजिन गेलं. झऱ्याच्या वळणावर, त्याच ठिकाणी. मोठा आवाज झाला आणि सगळं थांबलं. काटा निळ्यात होता. शेवटपर्यंत निळ्यात.

बटाट्याच्या ट्रकमधून आलो. तोवर मंडळी जेवून पांगली होती. हाज तय्यब वेळेवर आले होते म्हणे. कॉफीवर कॉफी पीत "येतोच आहे, मागेच होता" असं सांगत बसले. मग त्यांनाच लाज वाटायला लागली, तेव्हा उठले. समजूत काढायला वडीलधारे आले आणि नवराच आला नाही, असं या गावात आजवर घडलेलं नाही. हे मिलूदने सांगितलं. आणखी एक सांगितलं. खैराची बॅग सकाळपासून भरून दाराशी ठेवलेली होती. दुपार टळल्यावर तिने स्वतःच उचलून आत नेली.

खैराने मला जेवायला वाढलं. कुसकूस गरम करून, पाहुण्यांच्या ताटात. "वाटेत त्रास झाला का?" म्हणाली. मी गेजबद्दल सांगितलं, काटा कसा सारखा हिरव्यात होता ते. तिने सगळं ऐकून घेतलं. "छान," म्हणाली. "अजून वाढू?"

२२ ऑक्टोबर, ओरान

सकाळी मिलूदच्या अंगणातून कद्दूरला फोन केला, चांगलंच फैलावर घ्यायचं म्हणून. त्याने आधी विचारलं, पाणी बघत होता का? मग म्हणाला, "सेन्सर पाण्यात असेल तर ताप कळणार, सी बेनाऊदा. पाणी गळून गेल्यावर तो कोरडाच राहिला. आत आग लागली तरी त्याला काय कळणार? तो थंडच दाखवणार."

मी फोन ठेवला. खैरा समोरच कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे बघून मान हलवली. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही.

आयुष्यभर ही बाई माझ्यावर ओरडत आली. नळ टपकतोय म्हणून, बुटांची माती म्हणून, चाखायच्या आधीच मीठ घातलं म्हणून. मला वाटायचं, कधी एकदा गप्प बसेल. आता ती गप्प बसली आहे आणि मला ते सहन होत नाही.

निघताना मफलर खुंटीवर मुद्दाम विसरलो. म्हटलं, रस्त्यापर्यंत येईल, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" म्हणेल. तिने तो घडी करून मिलूदच्या हाती पाठवून दिला. दारातून म्हणाली, "सांभाळून जा."

परत शेअर टॅक्सीने आलो. घाट, त्लेमसेन, ओरान. कुठेही थांबावं लागलं नाही, दुपारच्या नमाजाच्या आत दारात उतरलो. त्या टॅक्सीत टेंपरेचर गेज होतं की नाही, ते बघायचं राहूनच गेलं.