आईच्या थडग्यावरचा शब्द

४ मार्च

सद्गुणी! आईच्या थडग्यावर म्हणे ‘सद्गुणी स्त्री’ कोरणार. धुळ्याहून सुकलालचा फोन. चर्चच्या कमिटीनं ठरवलं, बायबलमधल्या नीतिसूत्रांतलं वचन आहे, ईस्टरच्या आत दगड बसवायचा. धाकट्या भावाला सगळे विचारतात. मी मुलगी, त्यात जळगावला राहणारी — मला कोण विचारतो!

आमची गुंताबाई आणि सद्गुणी? पाड्यावर तापानं एक पोर गेलं तेव्हा लोकांनी ललितामावशीला डाकीण ठरवलं. तिच्या झोपडीवर चालून आले. आई दारात आडवी उभी राहिली. ‘आधी मला मारा!’ माणसं मागे फिरेपर्यंत जागची हलली नाही. मी तेव्हा वसतिगृहात होते. हे सगळं मागाहून कानावर आलं. आईनं स्वतः कधी सांगितलं नाही, वडिलांनी, आबांनीही नाही.

९ मार्च

ऑनलाइन हिब्रूच्या वर्गात आज तेच वचन काढायला लावलं. मूळ शब्द — खयिल. अर्थ? बळ. पराक्रम. मिसरच्या फारोची फौज समुद्रात बुडाली, ती फौजसुद्धा खयिल! गिदोनाला देवदूत हाक मारतो तिथे हाच शब्द — भाषांतर ‘वीर’. रूथच्या पुस्तकात बवाजासाठी हाच — ‘धनवान’. आणि त्याच पुस्तकात दोन पानं उलटली की रूथसाठीही हाच — ‘सद्गुणी’!! शब्द तोच. बाईपाशी आला की त्याच्या हातातली तलवार काढून घ्यायची.

हबक्कूक संदेष्टा तर शेवटी म्हणतो, परमेश्वरच माझं खयिल. म्हणजे आईच्या अंगात त्या दिवशी जे होतं ते देवाचंच होतं. त्याला ‘सद्गुण’ म्हणून मी गप्प बसू? नाही बसणार.

१० मार्च

सुकलालला सांगितलं. ‘दोन अक्षरं शिकलीस नि बायबल बदलायला निघालीस?’ फोन आपटला. आपट!

१६ मार्च

धुळ्याला जाऊन आले. उपासना संपल्यावर कमिटी बसली. आबाही आले होते, कोपऱ्यातल्या खुर्चीत. मानसिंग पाळकांपुढे मी सगळी वचनं ठेवली. भला माणूस. चष्मा लावून एकेक वाचलं, जाडजूड कोश काढून पाहिला.

‘ज्योत्स्नाबाई, शब्दाचं तुमचं बरोबर आहे. पण लोकांना सवय झालीय. दगडावर वाद नको.’

‘मग दगडावर अर्धवट चालेल?’

सुकलाल उसळला. ‘आई काय फौजेत होती का?’

‘ललितामावशीच्या दारात समोर फौजच होती! आई एकटी होती!’

आबा खाली बघत होते. सुकलालचा चेहरा पांढराफटक. बाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाला, ‘ताई, पाया पडतो. ते पुन्हा काढू नको.’

का? आईच्या धाडसाची लाज वाटते याला?

१७ मार्च

देवपूरच्या कारागिराला फोन करून काम थांबवलं. ‘शूर स्त्री’ कोरायचं, म्हटलं. तो म्हणाला, घरातलं एकमत होऊ द्या बाई. एकमत! त्या झोपडीसमोरही सगळ्यांचं एकमतच होतं.

२२ मार्च

ललितामावशीकडे पाड्यावर गेले. दगड बसेल त्या दिवशी तिनं यावं, चार माणसांत बोलावं, म्हणून. खूप थकलीय. माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘तुना बाप राही का तठे?’

‘असणारच की.’

मला जवळ बसवलं. मग म्हणाली, ‘बठ्ठास्ना पुढे तुना बापच व्हता, पोरी. कुऱ्हाड त्याना हातमा व्हती.’

सगळ्यांच्या पुढे आबा. आई आबांसमोर उभी होती.

२३ मार्च

सुकलालला माहीत होतं. तो तेव्हा घरीच होता. आईनंच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. आज फोनवर रडला, मीही.

२६ मार्च

‘शूर’ कोरलं की लोक विचारणार, कोणासमोर? त्या दिवसानंतरही आई आबांबरोबरच राहिली. त्यांचं दुखणं काढलं, त्यांच्या ताटात वाढलं. त्यांना मी काय म्हणून तोंड दाखवू? की त्यांनी मला? तरीही शब्द मागे घेणार नाही. घेववतच नाही. पण कारागिराला फोन लावायला हात उठत नाही.

२९ मार्च

आबा आज एकटेच एसटीनं जळगावला आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, येताना कारागिराकडे जाऊन आलो, ‘शूर’ कोरायला सांगितलं. सुकलाललाही तसंच सांगितलंय.

आबा दारातूनच परत निघाले. मग वळून म्हणाले —

‘ललितालेच नही वाचाडं तिनी. माले बी.’