गोलकीपरचा पेला

बा, या हातांनी मी काय काय केलं ते आधी सांगतो. गोलची जाळी, सुतळीची, चार बोटांचं एकेक घर. मैदानाकडेची बाकं, सागाची. एक खिळा वर आलेला दाखवावा कोणी. बॉलमध्ये हवा भरायचा पंप मोडीतला होता, पण आतला वॉशर माझा. आणि तुझा पितळी पेला. शाळा चौथीपर्यंत. लेथ मला कोणी शिकवला नाही, बघून बघून हात बसला. बाकं मी केली, पण आपली माणसं त्यांवर बसत नव्हती. आपण गोलच्या मागे, फक्कीच्या रेषेपलीकडे, आणि आपल्याशेजारी उल्हासनगरच्या कॅम्पातले निर्वासित. ओरडायला मात्र सगळ्यांना एकच हवा होती.

अंबरनाथच्या त्या टीमचा तू गोलकीपर. बाकांवरून आरोळी यायची, "भिंत आहे रे भिंत!" मॅच जिंकली की क्लबच्या दोन कानांच्या मोठ्या कपात लिंबाचं सरबत ओतायचं आणि तो कप एकेकाच्या तोंडाला लागत फिरायचा, ही क्लबची रीत. तुझ्यापाशी येऊन थांबायचा. आपण महार. कप्तान मान दुसरीकडे वळवायचा आणि तुझ्या जर्मनच्या मगात उंचावरून धार सोडायचा. मला ते बघवेना. म्हणून कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून पितळ आणलं आणि तुला दोन कानांचा पेला करून दिला, हुबेहूब त्यांच्या कपासारखा, फक्त लहान. कप्तानाने तो उलटसुलट करून बघितला. "वा! आता कसं, ज्याचं त्याला." मी फुगलो.

घरी आल्यावर तू चुलीपाशी बसलास, भाकरी मोडलीस नि खाल्ली नाहीस. "आधी त्याला ओतताना लाज वाटायची," तू म्हणालास. "मान वळवायचा. आज हसून ओतलं. तू त्याची लाज पुसलीस, शहाण्या." मी म्हटलं, "बा, कानांना दिलेला डाग तरी बघ, जोड कुठं दिसतोय का?" तू म्हणालास, "तेच तर. लई चांगला झालाय. पुढल्या मॅचला आणायचा नाही."

पुढची मॅच कल्याणच्या टीमशी. शेवटाला पेनल्टी, आणि तू डाव्या अंगावर पडून बॉल छातीशी धरलेला. बाकं उठून उभी. आमचा लेफ्ट विंगर कॅम्पातला सिंधी पोरगा, त्याचा पास चुकला की हेच लोक ओरडायचे, "पापड मोडला!" आज त्यालाही मिठ्या मारतायत. तुला कोणी मारत नाही. कप भरतात, फिरायला लागतो. तू रांगेत उभा, हात रिकामे. कप्तान माझ्याकडे बघतो. "पेला कुठाय रे? काढ की पिशवीतनं."

मी पिशवीचं तोंड मुठीत धरलं. तू माझ्याकडे बघत होतास. असा तू पेनल्टी मारणाऱ्याकडेही बघत नसायचास.

"घरी राहिला," मी म्हणालो.

कप त्या सिंधी पोराच्या हातात होता. त्याने घोट घेतला, मिशी पुसली आणि कप सरळ तुझ्यापुढे धरला. "लो चाचा, गरम हो रहा है." तू कपाचे दोन्ही कान धरून प्यालास. सावकाश. मग कप पुढच्याकडे केलास. पुढचा कप्तान होता. त्याने सरबत गवतावर ओतलं. फक्कीच्या रेषेमागून कोणीतरी ओरडलं, "अरे, मैदानाला तरी पाजलंस!" तिकडे सगळे हसले. बाकांवर कोणी हसलं नाही.

पुढच्या मोसमात कप फिरवायची रीत बंद झाली. सगळ्यांना काचेचे वेगळे ग्लास आले. तू त्यातलं कधी प्यायला नाहीस, "तहान नाही" म्हणायचास. गोल मात्र सोडला नाहीस.

तू जाऊन बरीच वर्षं झाली. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, तरी एक राहिलंय ते लिहितो. त्या दिवशी पेला पिशवीतच होता. तू नको म्हणालास तरी मी आणला होता. लोकांनी काम बघावं, एवढीच हौस.

गेल्या महिन्यात क्लबचे लोक आले. क्लबला पंचवीस वर्षं झाली म्हणून काचेचं कपाट केलंय. त्यात पेला ठेवणार, खाली पट्टी: 'क्लबतर्फे आपल्या लाडक्या गोलकीपरास'. मी म्हटलं, पट्टीत चूक आहे. ते म्हणाले, पट्टी राहू द्या, किंमत बोला. मग त्यांनीच बोलली. मी नाही म्हटलं, पेला घरीच राहिला. अकराशे रुपये बोलले होते, बा.