पानाची खालची बाजू

तात्या, आज पुन्हा तुमच्यावर चिडले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला अजून तुम्हीच सापडता.

लासुर्ण्याच्या आपल्या द्राक्षबागेतली ती सकाळ. मी शाळकरी. तुम्ही मला ओळीतली पानं बघायला लावलंय आणि मी भरभर ओळ संपवून परत येते. "सगळी चांगली हाईत." तुम्ही एक पान धरून उलटं करता. वरून नुसता तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग, खाली मात्र पांढरी लव. "वरनं काय बघतीस? पान हाय, फोटो न्हाय. उलटून बघ." एवढं कळायचं तुम्हाला, आणि औषध मात्र दुकानदाराला विचारून आणलंत. तो म्हणाला, बुरशी ती बुरशी, गंधक मारा. गंधक भुरी रोगाला चालतं. हा केवडा रोग होता. घड डोळ्यांदेखत वाळून गेले. परवा एका पुस्तकात वाचलं, केवडा ही खरी बुरशीच नव्हे, समुद्रातल्या शेवाळाच्या नात्यातला जीव तो, ओल्या पानावर चक्क पोहत जातो. तुम्हाला सांगायला धावत जावंसं वाटलं, आणि मग संताप आला.

कारण घरात आता तेच चाललंय. नातीच्या मानेवर नायटा उठला. लेकानं मेडिकलमधून ट्यूब आणली, शेजाऱ्याला लागू पडलेली. चार दिवसांत लाली गेली, खाज गेली. "गेलं की, आई. तू पुस्तकं वाचून घाबरतीस." ट्यूब बंद. मग तो नायटा गालावर चढला, कडेकडेनं पसरत. पुन्हा तीच ट्यूब. असल्या मलमात लाली दाबायचं औषध मिसळलेलं असतं, त्यानं बुरशीला उलट रान मोकळं मिळतं, हे मी वाचून दाखवलं. "फवारणी उरकू दे, मग नेतो डॉक्टरकडं." पावसाची भुरभुर झाली की लगेच पंप काढणारा माणूस हा. मी म्हटलं, "बाग असती तर कधीच दाखवली असतीस." "पोरगी काय बाग हाय व्हय?" हसला तो. सूनही हसली. मला हसू आलं नाही.

शेवटी मीच पोरीला एसटीनं बारामतीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब बघितली आणि कचऱ्यात टाकली. बरं दिसलं तरी औषध मधेच सोडायचं नाही, म्हणाल्या, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, कपडे उन्हात. "घरात अजून कुणाला आहे? सगळ्यांनी एकदमच औषध घ्यायला हवं, नाहीतर हिला पुन्हा होईल." मग माझ्याकडं वळून, "आजी, तुम्हाला?"

"न्हाय बाई," मी म्हटलं.

तात्या, आहे. परकराच्या नाडीखाली, पाठीकडं वळलेला. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुमचे जावई होते तोवर माझ्या पाठीवरचं काहीही माझ्याआधी त्यांनाच दिसायचं. आता तिथं बघणारं कुणी नाही, आणि समोर बाईच डॉक्टर असूनही नाडी सैल करायला हात धजेना. ते गेल्यापासून नात माझ्याच गोधडीत झोपते. बारामतीहून आल्यावर मी तिचं अंथरूण वेगळं घातलं. ती बघत उभी राहिली.

"आज्जी, मला नायटा झालाय म्हणून व्हय?"

मी हो म्हणाले.